बदली : ट्रकच्या केबिनमधला थरारपट, कामाच्या नोंदी

२८ मे २०२५

या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, आंब्याचं उरलंसुरलं काम गुंडाळलं गेलं आणि नेवऱ्यातली काकांची पॅकिंगची शेड लवकर मोकळी झाली. शेडमध्ये ट्रक आत जातो. दोन वर्षं डोक्यात असलेली गोष्ट आता करायचीच असं ठरलं.

गोष्ट अशी. रो-रोच्या मालगाडीवर चढवलेला एक ट्रक, कोलाडहून वेर्ण्याला चाललेला, केबिनमध्ये ड्रायव्हर आणि क्लिनर. नेहमीचा क्लिनर आजारी, म्हणून मालकाने बदली पोरगा पाठवलाय असं ड्रायव्हर धरून चाललाय. वाटेत मालकाचा निरोप येतो, मी कोणालाच पाठवलेलं नाही. पुढचं सगळं त्या केबिनमध्येच. तिसरं माणूस दिसत नाही, मालकाचा फक्त आवाज.

रो-रो ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, कोकण रेल्वेने ही मालट्रकची सेवा १९९९ ला सुरू केली. भरलेले ट्रक सपाट वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या उघड्या डब्यावर, चढवतात, चाकांना गुटके आणि साखळ्या लावतात, इंजिन बंद, आणि ड्रायव्हर-क्लिनर आपापल्या केबिनमध्ये बसून जातात. म्हणजे गाडी पळतेय पण स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नाही, ना ब्रेक ना वळण. ही एकच गोष्ट मला या विषयात इतकी आवडली की बाकी सगळं तिच्याभोवती लिहिलंय.

रेल्वेच्या हद्दीत शूटिंग करायचं नाही हे पहिल्या दिवशीच नक्की. परवानगी, फी, डिपॉझिट, आणि चालत्या मालगाडीवर कॅमेरा लावणं हे आपल्या आवाक्यातलं नाही आणि जिवावरचंही आहे. सगळं शेडमध्येच उभं करायचं. कोकणात पावसाळ्यात असं काही करायला जाणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतोय.

३ जून

मामांसमोर स्क्रिप्ट वाचली. मामा म्हणजे आईचे चुलत भाऊ, बरीच वर्षं ट्रकवर, रो-रोने बऱ्याचदा गेलेले. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला.

"अरे पण तो उतरत का नाही? सिंगल लाईन आहे बाबा. समोरच्या गाडीला वाट द्यायला क्रॉसिंगला गाडी टाकली की किती वेळ पडून राहील सांगता येत नाही. आम्ही खाली उतरून पाय मोकळे करून यायचो."

खलास. स्क्रिप्टमध्ये निरोप चिपळूणच्या आधी येत होता, म्हणजे ड्रायव्हरला उतरायला चार ठिकाणी संधी. बघणारा पहिल्या क्रॉसिंगलाच म्हणणार, उतर ना. एका जागेतल्या पिक्चरमध्ये खुनी कोण हा प्रश्न नंतरचा, दार उघडून बाहेर का जात नाही हा पहिला, आणि त्याचं उत्तर लंगडं असेल तर पुढचं कोणी मनापासून बघत नाही.

उत्तर मामांशी बोलता बोलताच सापडलं. उक्षी आणि भोके या दोन स्टेशनांमध्ये करबुडे बोगदा आहे, साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. निरोप उक्षी सोडल्यावर यायचा, लगेच बोगदा, नेटवर्क गेलं, आणि पुढचं थांबायचं ठिकाण भोके. उडी मारायची तर बोगद्याची भिंत बाजूला. टपावर चढून मागच्या ट्रककडे जायचं तर वर तार आहे, २०२२ ला सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, २५ हजार व्होल्ट. मामा म्हणाले पूर्वी पोरं ताडपत्री सारखी करायला वर चढायची, आता तसं केलं तर राख. हे वाक्य जसंच्या तसं ड्रायव्हरच्या तोंडी घातलंय.

आणि मग वेळेचा हिशोब केला तेव्हा अंगावर काटा आला. जोराचा पाऊस लागला की गाडी ताशी ४० च्या वर न्यायची नाही असे आदेश असतात. साडेसहा किलोमीटर भागिले ४०, म्हणजे पावणेदहा मिनिटं. बोगद्यातला सगळा प्रसंग खऱ्या वेळेत, पावणेदहा मिनिटं, कुठेही वेळ न खाता न ताणता. आधीची ३४ पानं होती, त्यातली चिपळूणच्या आधीची जवळजवळ सगळी काढून टाकली.

११ जून

ट्रक आला. पासिंग संपलेला टाटा सोळा-तेरा, मामांच्या ओळखीतून, भाडं नाही, पण ओढून आणायला ६ हजार गेले कारण शेडकडे येणारा रस्ता चिखलाने पार बसलाय आणि शेवटच्या वळणावर जेसीबी बोलवावा लागला. आत मासळीचा वास एवढा की क्लिनरचं काम करणारा मुलगा पाच मिनिटांत बाहेर. फिनेल, मग सोडा, मग दोन दिवस दारं उघडी. वास कमी झाला, गेला नाही.

केबिनच्या मागचा बर्थचा प्लाय सोडवला, तिथून कॅमेरा आत येतो. पुढची काच रबरासकट काढून घेतली, रत्नागिरीहून काचवाला आला होता, काढायचे आणि नंतर बसवायचे मिळून २ हजार.

१९ जून

हलवण्याची चाचणी. इंजिन बंद असलेला ट्रक वाघिणीवर कसा हलतो हे दाखवायचंय. पहिली पद्धत सगळे करतात ती, चासीखाली वासा घालून दगडावर टेकवला आणि दोघांनी दाबायचं. दिसलं काय, तर होडी. केबिन सावकाश वर खाली, वर खाली, बघूनच कळतं की कोणीतरी हलवतंय. गाडीचं हलणं बारीक असतं, भरभर असतं, आणि जास्त करून आडवं असतं.

दोन गोष्टी कामाला आल्या. एक, स्लॅबच्या कामाचा व्हायब्रेटर. गावात एका कॉन्ट्रॅक्टरकडून ५०० रुपये रोजाने आणला, सुई चासीला चिकटवून धरली की बाटलीतलं पाणी थरथरतं, आरशाला लावलेली माळ थरथरते, स्टिअरिंगवरचा हात थरथरतो, आणि हे सगळं खरं दिसतं कारण ते खरंच थरथरतंय. आवाज मात्र प्रचंड, त्यामुळे ज्या शॉटमध्ये बोलणं नाही तिथेच. दुसरी गोष्ट, बोलण्याच्या शॉटला व्हायब्रेटर बंद, टायरमधली हवा कमी केलेली, आणि एक जण मागून दोरीने केबिन आडवी ओढतो, अगदी थोडी, ठेका न धरता. ठेका धरला की संपलं. आमच्याकडे दोरी ओढणारा नाचणीच्या लावणीला गाणी म्हणणाऱ्यातला, त्याला ठेका सोडणंच जमेना, शेवटी त्याच्या कानात हेडफोन घालून बातम्या लावल्या तेव्हा जमलं.

२६ जून

आज बोगद्याच्या लाईटचं काम आणि आज सगळ्यात जास्त वेळ वाया गेला, पण जे हाती लागलं त्याने पिक्चर बदलला.

माझ्या डोक्यात होतं की बोगद्यात बाहेरून दिवे सरकत जाणार, चेहऱ्यावर पिवळा पट्टा, काळोख, पिवळा पट्टा. त्यासाठी बांबूला एलईडी ट्यूब बांधून दोन पोरं खिडकीच्या बाहेरून धावायची. आठवडाभर यावरच. मोबाईलवर दिसायलाही भारी दिसत होतं. मामा संध्याकाळी आले, बघितलं आणि म्हणाले हे काशेडीच्या बोगद्यासारखं झालंय, रस्त्यावरच्या. "आमच्या केबिनात बोगद्यात मिट्ट काळोख असतो रे. दिवा लावलास तर काचेत आपलंच थोबाड दिसतं, बाहेरचं काय दिसत नाय."

काचेत आपलंच थोबाड. तिथेच सगळे गप्प झालो.

बांबू आणि ट्यूब बाजूला ठेवल्या. खिडक्यांच्या बाहेर दोन पदरी काळं कापड, आत फक्त केबिनचा टपावरचा छोटा दिवा. ड्रायव्हरच्या बाजूची काच आरसा होते. तो बाहेर बघतोय असं दाखवून काचेतून क्लिनरला बघतो. क्लिनरचा उजवा हात सीटखाली जातो ते आपल्याला काचेत दिसतं, थेट दिसतच नाही. आणि क्लिनरलाही दुसऱ्या काचेत ड्रायव्हर दिसतोय, म्हणजे दोघं एकमेकांकडे पाठ करूनही एकमेकांना बघतायत. हे मी बसून लिहिलं असतं तर सुचलं नसतं.

४ जुलै

काचेचा आरसा झाला म्हणजे कॅमेराही दिसणार आणि कॅमेऱ्यामागचा माणूसही. काळा शर्ट पुरत नाही, हात आणि तोंड दिसतंच. शेवटी काळ्या कापडाची खोळ शिवून घेतली, लेन्सपुरतं भोक, मागचा माणूस त्या खोळीच्या आत. रेकॉर्डिंगचा लाल दिवा चिकटपट्टीने झाकला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा उजेड सुद्धा काचेत येतो, तो सगळ्यात कमीवर.

दिव्याचा आणखी एक प्रश्न. केबिनचा दिवा जास्त प्रखर होता म्हणून स्वस्तातला डिमर लावला, तर फुटेजमध्ये आडवे पट्टे धावायला लागले. २५ फ्रेम, शटर १/५०, आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेला हे जुळतं, शेडच्या ट्यूबला काही झालं नव्हतं, पण डिमर एलईडीला भरभर चालू-बंद करूनच उजेड कमी करतो आणि ते कॅमेरा पकडतो. डिमर काढला, दिव्यावर बटर पेपरचे थर चढवले, थेट ट्रकच्या बॅटरीवर. पट्टे गेले. लाईट गेली तरी शूटिंग चालू राहतं हा वरचा फायदा, आणि जुलैत आमच्याकडे लाईट किती वेळ असते ते सांगायला नको.

बंद केबिनमध्ये दोन माणसं, जुलैतला दमटपणा, दहा मिनिटांत काचेवर वाफ, आरसा गेला. काचेला आतून शॅम्पूचा अगदी पातळ हात देऊन कोरड्या कापडाने पूर्ण पुसली की अर्धा-पाऊण तास वाफ धरत नाही. जाडसर हात दिला तर रेघा दिसतात. कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवायचा नाही, बाहेर काढला की लेन्सवर धुकं बसतं. आम्ही तो शेडमध्येच हवाबंद डब्यात ठेवतो, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि पुड्या दर दोन दिवसांनी तव्यावर गरम करून घेतो. याच्यात हयगय केली तर बुरशी लेन्सच्या आत शिरते आणि ती साफ करणं लेन्सच्या किमतीला जातं.

१२ जुलै

आवाज. पत्र्याची शेड आणि कोकणातला जुलै.

पत्र्यावर गोणपाट, जुनी जाळी, त्यावर झावळ्या असं सगळं घातलं. सर येते तेव्हा थोडा फरक पडतो, धो धो लागला की काहीच नाही, समोरासमोर बोललेलं ऐकू येत नाही तर माईकला काय येणार. आधी वाटलं सगळं डब करू. मग रात्री जेवताना लक्षात आलं की गोष्टीतही पाऊस आहेच, गाडी ४० ने चाललीय तीच पावसामुळे. म्हणजे बोगद्याच्या आधीच्या प्रसंगात पाऊस ऐकू आला तर चालतं, उलट हवाच आहे. बोगद्यात मात्र एक थेंब ऐकू येता कामा नये, कारण बोगद्यात पाऊस नसतो.

तेव्हापासून वेळापत्रकच पावसावर लावलंय. पाऊस लागला की उक्षीच्या आधीचे प्रसंग. उघडीप मिळाली की सगळं टाकून बोगदा. दोघेही नट दोन्हीसाठी तयार हवेत, कपडे तेच, पाठांतर पूर्ण. रात्री दोन वाजता पाऊस थांबला तर दोन वाजता शूटिंग. मग बेडूक सुरू होतात, पण बेडकांचा आवाज बोगद्याच्या आवाजाखाली दबतो, पावसाचा दबत नाही.

आणि यामुळे पिक्चरमधली माझी सगळ्यात आवडती जागा तयार झाली. गाडी बोगद्यात शिरते त्या क्षणी पत्र्यावरचा पाऊस एकदम कापला जातो. इतका वेळ कानाला सवय झालेली असते, तो गेला की बसलेल्या माणसाला केबिन अचानक लहान झाल्यासारखी वाटते.

१४ जुलै

पाऊस. काही नाही झालं.

२० जुलै

ड्रायव्हरचं काम करणारे काका नमन-खेळ्यातले, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यातले. आवाज असा की मागच्या रांगेपर्यंत जातो, उभ्या आयुष्यात माईकशिवाय कामं केलेली. केबिनमध्ये त्यांचं प्रत्येक वाक्य सभेला बोलल्यासारखं. हळू बोला म्हटलं की आवाज हळू होतो पण तोंड तेवढंच उघडतं, हात तेवढेच फिरतात. दोन रात्री यात गेल्या आणि काका कष्टी झाले, त्यांना वाटायला लागलं की आपल्याला कामच येत नाही, जे अजिबात खरं नव्हतं.

उपाय असा निघाला की शर्टाच्या आतला छोटा माईक लावून त्यांच्या कानात त्यांचाच आवाज सोडला. स्वतःचा श्वास कानात ऐकू यायला लागल्यावर त्यांनी आपणहून सगळं आत घेतलं. पुढच्या टेकला त्यांनी "तुला कोणी पाठवला?" हे वाक्य जवळजवळ ओठातच म्हटलं आणि क्लिनरचा मुलगा खरोखर दचकला. तोच टेक ठेवलाय. नंतर हेडफोन काढला तरी आवाज तिथेच राहिला.

नमनात काम केलेल्या माणसाचा दुसरा फायदा म्हणजे दम. दहा मिनिटांचा प्रसंग सलग करायला ते कधी थकले नाहीत, शब्द एकदाही चुकला नाही.

२९ जुलै

बोगदा एकाच टेकमध्ये करायचा असं होतं. जमलं नाही. प्रत्येक वेळी सहाव्या-सातव्या मिनिटाला काहीतरी, फोकस गेला, दोरी अडकली, एकदा वटवाघूळ आलं. शेवटी तीन तुकडे केले. जोडायची जागा गोष्टीतच होती, ट्रकची बॅटरी उतरत आलीय म्हणून ड्रायव्हर दिवा बंद करतो आणि पुन्हा लावतो. दिवा बंद झाला की पूर्ण काळा पडदा, तिथे जोड. बघणाऱ्याला जोड कळत नाही आणि काळोखाची सात-आठ सेकंदं सगळ्यात जास्त भीतीची झाली, फक्त श्वास आणि सीटच्या स्प्रिंगचा आवाज. दिवा परत लागतो तेव्हा क्लिनर बसल्या जागेवरून थोडा पुढे सरकलेला असतो. वीतभरच. जास्त सरकवला तर ते खोटं वाटतं, दोन्ही करून बघितलंय.

लेन्सबद्दल. सुरुवातीला २४ एमएम वापरत होतो कारण जागा नाही. पण त्याने केबिन ऐसपैस दिसते. निरोप आल्यानंतरचं सगळं ३५ आणि ५० वर केलं, मागचा प्लाय काढलेला होता म्हणून जमलं. आणि पुढच्या काचेच्या जागेतून, म्हणजे बाहेरून घेतलेले शॉट निरोपानंतर एकही ठेवलेला नाही. त्यातले दोन फार सुंदर होते. पण कॅमेरा काचेच्या बाहेर उभा राहू शकतो असं दिसलं की बघणाऱ्याला नकळत वाटतं बाहेर जागा आहे. बाहेर जागा नाहीच आहे. काढले.

६ ऑगस्ट

आवाज गोळा करायला पॅसेंजरने रत्नागिरी-चिपळूण. रेकॉर्डर खिडकीजवळ, वर लोकरीची टोपी.

इंटरनेटवरून उतरवलेला गाडीचा आवाज आतापर्यंत लावून ठेवला होता, तो खटाक-खटाक वाला. बसून नीट ऐकलं तर तसा आवाज येतच नाही. रूळ लांबच्या लांब वेल्ड केलेले आहेत, त्यामुळे धावताना एकसारखी घरघर असते, आणि खटाखट येते ती स्टेशनात शिरताना, सांधे बदलतात तिथे. म्हणजे केबिनमध्ये डोळे मिटून बसलेल्या ड्रायव्हरला फक्त आवाजावरून कळणार की स्टेशन आलं. शेवटच्या प्रसंगाला याचा उपयोग केलाय, बोगदा संपल्यावर सांध्यांची खटाखट ऐकू आली की त्याला कळतं भोके आलं, क्लिनरला हे माहीत नाही कारण तो कधी रो-रोवर आलेलाच नाही. पूर्वी इथे ड्रायव्हर खिडकीतून पाटी वाचत होता. हे कितीतरी चांगलं झालं. जुना आवाज पूर्ण फेकला.

येताना करबुड्यात खिडकी उघडी ठेवून बोगद्यात शिरतानाचा, आतला आणि बाहेर पडतानाचा आवाज मिळाला. डब्यातल्या मंडळींना आधी सांगितलं होतं की जरा बोलू नका, एका आजींनी तर डबा शांत करून दिला.

२४ ऑगस्ट

पहिला कट ३१ मिनिटांचा. वाडीतल्या सभागृहात पंधरा-वीस माणसांना दाखवला. मी मागे बसून पडदा नाही, माणसं बघत होतो.

निरोप वाचताच आला नाही कोणाला. फोनच्या पडद्यावर मालकाचा मेसेज होता, लहान अक्षरं, मागच्यांना दिसलाच नाही, आणि एकमेकांना विचारत बसले काय लिहिलंय. पिक्चर जिथे फिरतो तीच जागा गेली.

दुसरं, बऱ्याच जणांनी विचारलं की रो-रोत माणसं तर डब्यात बसतात ना, गाडीत कशी? ते बरोबरच होतं, कारण याच गणपतीला खाजगी गाड्यांसाठी कोलाड-वेर्णा रो-रो सुरू झालीय आणि तिच्यात गाडीत बसायला परवानगी नाही, प्रवाशांसाठी वेगळे डबे. सगळ्यांच्या डोक्यात तीच ताजी. सुरुवातीला ट्रक चढताना मामांच्या आवाजात एक वाक्य घालायचं, "मालट्रकची रो-रो, आपापल्या केबिनात बसा, दारं लावून घ्या."

आता चाकरमानी येणार, काकांचं नमन नाही पण भजनं आहेत, क्लिनरच्या घरी दीड दिवसाचा गणपती. गौरी जाईपर्यंत काम बंद.

७ सप्टेंबर

मेसेजच्या जागी व्हॉइस नोट केली. मालकाचा आवाज, "अरे तुझ्याबरोबर कोण..." आणि पुढची दुसरी नोट उतरता उतरता नेटवर्क जातं, पडद्यावर फक्त गोल फिरत राहतं. वाचायला काही नाही, कानाने कळतं. आणि ते गोल फिरणं मग पूर्ण बोगदाभर फोनवर चालू, दोघांच्या मध्ये, इंजिनाच्या झाकणावर ठेवलेलं. क्लिनरही ते बघतोय. ती उतरली की आपलं बिंग फुटणार हे त्याला कळलंय, आणि बोगदा संपला की ती उतरणार हे दोघांनाही कळलंय. नव्याने एवढंच शूट केलं, एका रात्रीत, पाऊसही थांबला होता.

खिडकीवरचे थेंब जुन्या शॉटशी जुळवायचे होते. साधं पाणी फवारलं तर घसरून जातं. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं केलं की थेंब तासभर जागचे हलत नाहीत. मेडिकलमध्ये मिळतं.

१५ सप्टेंबर

मिक्सिंग. बोगद्याची घरघर माझ्या हेडफोनवर पोटात जाते, मोबाईलच्या स्पीकरवर काहीच नाही, नुसता काळा पडदा आणि दोन माणसं. बहुतेक लोक मोबाईलवरच बघणार. खालच्या आवाजाच्या जोडीला २०० ते ४०० हर्ट्झच्या मधली घरघर वाढवली, पत्र्याचं किरकिरणं थोडं वर आणलं, तेव्हा मोबाईलवरही बोगदा ऐकू यायला लागला. बोलणं त्याच्यावर स्पष्ट राहावं म्हणून दोन जागी घरघर थोडी खाली ओढलीय.

खर्च विचारला जातो म्हणून लिहितो. ट्रक ओढणं आणि काच मिळून ८ हजार, काळं कापड आणि शिवण ३ हजारांच्या आसपास, कोल्हापूरहून लेन्स भाड्याने ९ हजार, व्हायब्रेटर, ग्लिसरीन, बॅटऱ्या वगैरे ५ हजार, आणि सगळ्यात मोठा खर्च जेवण आणि चहाचा, १८ हजारांच्या वर. पावसाची वाट बघत बसलेल्या माणसांना भूक लागतेच. कॅमेरा घरचा. काकांनी आणि मुलाने पैसे घेतले नाहीत, ते मी पिक्चर कुठे विकला गेला तर देणारच आहे.

२१ सप्टेंबर

मामांना पूर्ण पिक्चर दाखवला. बोगदाभर ते पुढे वाकून बसले होते, हातातला चहा प्यायले नाहीत. संपल्यावर एकच गोष्ट सांगितली. भोक्याला गाडी थांबताना वाघिणी एकमेकींवर आपटल्याचा धडधड आवाज मी मागून पुढे नेला होता. ब्रेक इंजिनाकडून लागत येतो, त्यामुळे आवाज पुढून येतो, आपल्याला धक्का देऊन मागे जातो. "तो आवाज येताना ऐकू येतो रे आधी. माणूस दांडी धरून बसतो."

हे तर सोन्यासारखं होतं. ड्रायव्हरला धक्का येणार हे आधी कळतं, तो दांडी धरतो. क्लिनरला कळत नाही. हात स्टिअरिंगवरून दांडीवर जातानाचा एक शॉट जुन्या फुटेजमध्ये सापडला, तो दोन सेकंद आधी आणून लावला, आवाज पुढून मागे फिरवला, फाईल परत काढली. २१ मिनिटं ४० सेकंद.